बिनवातीचा दिवा

हितेंद्र त्या दिवशी दुपारी लिफ्टने खाली उतरला तो तिळाचं तेल आणि कापसाच्या वाती आणायला. खरं म्हणजे घरात दोन्ही होतं. पण आईसमोर नुसतं बसवत नव्हतं, आणि दुःखाच्या घरात माणसाला हाताला काहीतरी काम लागतं, म्हणून तो वाण्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला. आदल्या दिवशी त्याचे वडील गेले होते. लवू मेस्त्री. परळच्या एका गिरणीत, सुतारखात्यात उभी हयात काढलेला माणूस. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, पण छातीत शिरलेली रुई काही गेली नाही. शेवटची काही वर्षं त्यांचा श्वास बारीक शिटी वाजावी तसा वाजायचा. ते घरात कुठेही असले तरी कळायचं.

वाण्याने विचारलं, कालच तर तेल नेलंत ना? दिवा टिकत नाही, एवढंच हितेंद्र म्हणाला.

आणि दुखणं तेच होतं. माणूस जिथे गेला तिथे दिवा लावायचा आणि वात दक्षिणेकडे करायची, म्हणजे गेलेल्याला पुढची वाट दिसते. दहाव्यापर्यंत तो दिवा विझू द्यायचा नाही. दिवा ठेवायचा परातीत, भोवती तांदळाचं पीठ पसरायचं, आणि दहाव्यालाच वाकून बघायचं, पिठात काही उमटलंय का ते. घरोघरची रीत थोडी वेगळी असते, मेस्त्र्यांकडची ही अशी होती. परळच्या जुन्या चाळीत हे सगळं बिनबोभाट पार पडलं असतं. पण चाळ पाडून टॉवर झाला होता आणि मेस्त्री आता चौदाव्या मजल्यावर राहत होते. तिथला वारा मोठा आगाऊ. खिडक्या लावा, फटींत टॉवेल कोंबा, तो कुठून ना कुठून यायचाच. दिवा लावला की थोड्या वेळाने विझलेला. हितेंद्रची आई, गंगुबाई, प्रत्येक वेळी उठायची आणि पुन्हा लावायची.  आपला नवरा काळोखात वाट शोधत उभा आहे असं तिला वाटत होतं. ते तिने एकदाच, अगदी हळू बोलून दाखवलं होतं.

आता बघा, ज्याच्या घरात दिवा टिकत नव्हता त्याचा धंदाच दिव्यांचा. लालबागला एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर हितेंद्रचा गाळा होता. तिथे तो लाकडाचे दिवे करायचा. शिवणीचं लाकूड, हाताने कोरलेली जाळी, आत एलईडीचा बल्ब. पटाशी धरायला त्याला बापानेच शिकवलेलं. लवू मेस्त्री बोलून शिकवणाऱ्यातले नव्हते. ते मागे उभे राहायचे, चुकलं की पोराचं मनगट धरायचे आणि हवं तसं वळवायचे. त्या शिकवणीवर हितेंद्रने नाव काढलं. प्रदर्शनांत त्याचे दिवे मांडल्या मांडल्या उचलले जायचे. सगळ्यात जास्त खपायचा तो गोल दिवा, मोठ्या नारळाएवढा, सगळ्या बाजूंनी सारखाच कोरलेला. याला पाठ नाही, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा. खोलीच्या मधोमध ठेवा, चारी भिंतींवर सारखीच वेल उमटेल. पहिला गोल दिवा झाला तेव्हा त्याने तो बापाच्या हातात दिला होता. लवू मेस्त्रींनी तो बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला, आणि न बोलता परत ठेवला. हितेंद्रला ते फार लागलं होतं. एक शब्द बरा बोलायला यांचं काय जातं, असं तो बायकोला, अक्षदाला, म्हणालाही होता.

तर वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या त्याला सुचलं. तेलाची बाटली तिथेच ठेवून तो चालत लालबागला गेला, गाळा उघडला आणि तयार दिव्यांतला सगळ्यात सुबक गोल दिवा पिशवीत घालून घरी आणला. मनात असंही होतं, लपवून काय करायचं, की जिवंतपणी ज्याचं कौतुक केलं नाही तो दिवा आता बाबांच्या उशाशी राहील.

अक्षदा एका दवाखान्यात नोकरी करायची, डोकं शांत असलेली बाई. तिला ते पटलं. टॉवरला जनरेटर होता, म्हणजे वीज गेली तरी दिवा जाणार नव्हता. गंगुबाईने दिव्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"विझाचो नाय ना ह्यो?"

"नाही विझणार, आई."

तिने हात जोडले. हॉलमध्ये, जिथे लवू मेस्त्रींची गादी होती तिथे, परातीतल्या पिठाच्या मधोमध तो दिवा ठेवला गेला. पडदे ओढलेले होते. चारी भिंतींवर वेल चढली, पानं उमटली, सुतकाचं घर क्षणभर देवळासारखं दिसलं. गंगुबाई त्या दिवशी पहिल्यांदा दोन घास जेवली.

एक-दोन दिवस बरे गेले. मग हितेंद्रच्या लक्षात आले ते आईचे पाय.

गंगुबाई दिव्याजवळ भिंतीला टेकून बसायची. गुडघे धरलेले, त्यामुळे पाय लांब केलेले. मध्येच ती पाय जवळ ओढून घ्यायची, जरा थांबायची आणि पुन्हा लांब करायची. चाळीतल्या एका खोलीत संसार केलेल्या माणसाला ही सवय असतेच. कुणी जायला निघालं की पाय आपोआप आत येतात. पण इथे जात कुणीच नव्हतं. अक्षदा स्वयंपाकघरात होती, हितेंद्र समोर खुर्चीत. तरी थोड्या थोड्या वेळाने आईचे पाय आत यायचे, बाहेर जायचे. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं. शेवटी त्याने विचारलं, पाय दुखतायत का, चोळून देऊ का.

"नाय रे," गंगुबाई म्हणाली. आणि मग जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तशी, "ते जातत मरे... तेंका वाट नको देऊक?"

हितेंद्र उठून स्वयंपाकघरात गेला. अक्षदाला सांगितलं तर ती म्हणाली, पन्नास वर्षांचा संसार आहे, असं होणारच, त्यांना काही बोलू नका. तेही खरंच होतं. पण संध्याकाळी दिवेलागणीला आई हातपाय धुवायला आत गेली, तेव्हा तो तिच्या जागी जाऊन बसला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, व्होल्टेज कमी झालं. समोरच्या भिंतीवरची पानं जरा मळकट झाली. मग तिथली उजळली आणि शेजारच्या भिंतीवरची मळली. मग त्याच्या पलीकडची. तो अंधार, अंधार म्हणजे काय, उजेडावर धरलेलं पातळ फडकं, भिंतीभिंतीने सरकत होता. दिवा आणि भिंत यांच्यामधून एखादं माणूस चालत जावं तसा. माणसाच्याच उंचीचा. तो त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर आला तेव्हा हितेंद्रने काही न ठरवता पाय जवळ घेतले. आणि त्याच्या अगदी जवळून, गुडघ्यांना वारा लागेल इतक्या जवळून, ती शिटी गेली. बारीक. आत घेताना एक, सोडताना एक.

लाकडाच्या भुशाचा आणि तंबाखूचा वास आला, आणि पुढे गेला.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. त्याला रडू आलं. बाबा घरात आहेत, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि तो तसाच बसून राहिला, पाय पोटाशी घेऊन, डोळे पुसत. भीती नंतर आली. कारण तो अंधार थांबेना. एक फेरी झाली की दुसरी, दुसरी झाली की पुढची. कुठे बसणं नाही, टेकणं नाही. दुसऱ्या दिवशी शिटी मोठी झाली होती. त्याच्या पुढच्या दिवशी तिच्यात मध्येच धाप लागायला लागली. शेवटच्या आजारात बाबा पलंगापासून न्हाणीपर्यंत चालत गेले की जशी लागायची तशी. अक्षदा काही कबूल करत नव्हती, पण आता तीही हॉलमधून जाताना भिंतीला धरून जायची. एकदा ती मध्येच थबकली, कुणाला तरी पुढे जाऊ द्यावं तशी, आणि मग तिने हितेंद्रकडे पाहिलं. 

"दिवा बंद करा," ती म्हणाली. "मी हात जोडते. बंद करा."

गंगुबाईने ते ऐकलं. ती मोठ्याने कधी बोलायची नाही, तेव्हाही तिने आवाज चढवला नाही. दहाव्याआधी दिवा मालवला तर ते कायमचे काळोखात राहतील, असं तिने सांगितलं. मग मुलाला जवळ बसवून घेतलं.

"दमलेत ते, हितू. बसाक गावत नाय तेंका."

"दहाव्याला जातील ना, आई."

"खंय जातले?" तिने दिव्याकडे बोट केलं. "वात खंय आसा ह्या दिव्याक? ह्येका तोंडच नाय. चारी बाजूंनी बोलावता... आणि तेंका वाटता, वाट हयसून आसा. मग वाटता, हयसून आसा..."

हितेंद्र दिव्याकडे बघत राहिला. तेलाच्या दिव्याला एक वात असते, तिला एक तोंड असतं, ते आपण दक्षिणेला करतो. त्याने आपल्या बापाला दिला होता तो चारी दिशांना सारखाच उजळणारा दिवा. याला पाठ नाही. त्याला आपल्याच कौतुकाच्या शब्दांची शिसारी आली. ज्या माणसाने जन्मभर गिरणीच्या पाळ्या ओढल्या त्याला मेल्यावरही घाण्याला जुंपलं होतं, आणि जुंपणारा पोटचा पोरगा होता.

भटजींना फोन केला. ते म्हणाले, हल्ली विजेचा दिवा चालतो, काही काळजी करू नका. तोंड कुठल्या दिशेला करायचं असं विचारल्यावर मात्र त्यांनी विषय बदलला. मग म्हणाले, एकदा लावलेला दिवा मध्ये बदलू नका आणि मालवूही नका, जे काय करायचं ते तो जळता ठेवून करा. आणि फोन ठेवला.

जळता ठेवून काय करता येतं ते हितेंद्रला माहीत होतं. लाकडाचं काम होतं, त्याच्याच हातचं. जाळीची सगळी भोकं बुजवायची, फक्त दक्षिणेकडचं एक उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाळ्यातून शिवणीच्या पातळ पट्ट्या आणल्या, त्यांच्या लहान लहान पाचरी केल्या. मोबाईलवर दक्षिण पाहून घेतली. ती हॉलच्या बाल्कनीकडे येत होती. अक्षदा आत जाऊन बसली. गंगुबाई आपल्या जागेवर होती. हितेंद्र परातीसमोर गुडघे टेकून वाकला, आणि बघायचं नसताना त्याला पीठ दिसलं.

पिठात दिव्याभोवती एक गोल वाट पडली होती. बोटभर रुंद, खोल, घाण्याभोवती बैलाने पाडावी तशी. तिच्या तळाशी परातीचं पितळ चकाकत होतं.

त्याने पहिली पाचर लावली. उत्तरेची. मग तिच्या शेजारची. लाकूड लाकडात बसताना बारीक किर्र आवाज व्हायचा, आणि त्या आवाजाबरोबर भिंतीवरचं एकेक पान जायचं. उत्तरेची भिंत काळी झाली तेव्हा ती शिटी फिरता फिरता तिथवर आली आणि थांबली. परत फिरली. आता तिला पुरी फेरी मिळत नव्हती. ती पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला जायची, आणि उलटी यायची. हितेंद्र पाचरी ठोकत राहिला. जसजशी भोकं बुजत गेली तसतशी ती येरझार आखूड झाली, आणि जोराची. धाप वाढली. कोंडलेल्या खोलीत दार शोधावं तसं ते चाललं होतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे, त्याच्या कानाजवळून.

"बाबा, झालंच..." तो पुटपुटला. "जरा दम धरा..."

शेवटच्या दोन-तीन पाचरी राहिल्या होत्या, तेव्हा मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

तो हात त्याच्या ओळखीचा होता. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा असलेला तो हात. लहानपणी याच हाताने त्याचं मनगट हजारदा वळवलं होतं. पण आता तो वळवत नव्हता, नुसता धरून होता, घट्ट. मदत करत होता की थांबवत होता, हे हितेंद्रला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. त्याने डोळे मिटून घेतले आणि तो हात मनगटावर तसाच असताना उरलेल्या पाचरी बसवल्या.

हात सुटला.

डोळे उघडले तेव्हा सगळा हॉल काळोखा होता आणि दिव्यातून एकच उजेडाची पट्टी जमिनीवरून सरळ बाल्कनीपर्यंत गेली होती. त्या पट्टीवरून ती शिटी हळूहळू लांब गेली. बाल्कनीचं दार बंद होतं. शिटी दारापर्यंत गेली, आणि दाराच्या पलीकडून एकदा ऐकू आली, आणि मग आलीच नाही. हितेंद्रने वळून आईकडे पाहिलं. गंगुबाईने दोन्ही पाय पुरते लांब केले होते. बऱ्याच दिवसांनी ती हातांनी गुडघे चेपत होती.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला तर कावळा जणू वाटच बघत होता, लगेच शिवला. नातेवाईक म्हणाले, लवू समाधानाने गेला. घरी येऊन परात पाहिली. गोल वाटेतून एक सरळ रेघ निघून दक्षिणेच्या काठापर्यंत गेली होती, आणि परत आल्याची काही खूण नव्हती. गंगुबाईने ते पीठ स्वतःच्या हाताने गोळा केलं, हितेंद्रने दिव्याचं बटण बंद केलं. अक्षदाने सगळे पडदे उघडले. घरात ऊन आलं, आणि त्या उन्हात तिघं कितीतरी वेळ नुसती बसून राहिली, हलकी होऊन. आपण बापाला वाट दिली, असं हितेंद्रला मनापासून वाटलं. तो दिवा त्याने फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि तेरावं झाल्यावर पुन्हा कामाला लागला.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीच नसती.

आठवडाभरात त्याला गिरगावातून फोन आला. पर्पेच्युआ आंटी म्हणून एक म्हातारी ईस्ट इंडियन, म्हणजे मूळची मुंबईकर ख्रिस्ती बाई, वाडीतल्या जुन्या लाकडी घरात एकटी राहणारी. मागच्या वर्षी तिचा नवरा ऑस्वाल्ड, ज्याला ती लाडाने ओझी म्हणायची, वारला. त्याच्या खोलीत मेणबत्ती जळती ठेवायची तिची इच्छा होती, पण लाकडाच्या घरात ती भीती, म्हणून तिने हितेंद्रकडून गोल दिवा नेला होता. आता ती म्हणत होती, तुझ्या दिव्याचा उजेड पुरत नाही, मोठा बल्ब लावून दे. एवढंच काम. हितेंद्र हत्यारांची पिशवी घेऊन सकाळच्या बसने गिरगावला गेला.

वाडीत ऊन होतं, कुणाच्या तरी खिडकीतून बोंबील परतल्याचा वास येत होता. आंटीने हसून दार उघडलं, वडील गेल्याचं कळलं म्हणून छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्याला आतल्या खोलीत नेलं. खिडक्या बंद होत्या. मधोमध तिवईवर त्याचा दिवा जळत होता आणि चारी भिंतींवर वेल चढली होती. पलंग, कपाट, खुर्ची, सगळं तिने भिंतीला सरकवून ठेवलं होतं. का, ते हितेंद्रला जमिनीकडे बघितल्यावर कळलं. शिसवी फळ्यांची ती जुनी जमीन दिव्याभोवती गोल झिजली होती. बाकीची पॉलिश केलेली, आणि त्या गोलात लाकूड कोरडं, पांढरट पडलेलं.

तो झटकन त्या गोलाबाहेर सरकला.

"घाबरू नको, पोरा. तो माझा ओझी हाय," आंटी म्हणाली. आवाजात केवढी माया होती. "वर्स झाला, रोज चालते. काठी घेऊन चालते, आइकतंय मी. मना सोबत होते त्याची."

काठीचा आवाज आता हितेंद्रलाही येत होता. टक, मग पाऊल. टक, मग पाऊल. समोरच्या भिंतीवरची पानं मळकट झाली, उजळली.

"मग बल्ब कशाला बदलायचा, आंटी?"

"दोघांना तो उजेड पुरत नाय ना."

"दोघांना..."

"आता दुसरा एक आयला हाय. दहा-बारा दिस झाले असतील. कोण हाय ठाऊक नाय. पन बिचाऱ्याच्या छातीत शिट्टी वाजते."

 परळहून दक्षिणेला जायचं तर वाटेत गिरगाव लागतं, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. हितेंद्रने बापाला एका दिव्यातून सोडवलं होतं आणि सरळ दुसऱ्या दिव्याकडे पाठवलं होतं. आणि ती शिटी आली. काठीच्या मागोमाग, दमलेली, प्रत्येक श्वासाला अडखळणारी. ती त्याच्या अंगावरून गेली आणि भुशाचा नि तंबाखूचा वास खोलीत भरला. त्याचे हात आपोआप पिशवीत गेले. पाचरी होत्या, पटाशी होती. तासाभराचं काम होतं. त्याने आंटीला सगळं सांगितलं, कसंबसं, तुटक तुटक. भोकं बुजवतो, एकच ठेवतो, दोघंही सुटतील, ते दमलेत, आंटी, त्यांना बसायला मिळत नाही.

पर्पेच्युआ आंटीने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती पुढे झाली आणि तिने दोन्ही हात दिव्यावर ठेवले. तिच्या बोटांच्या सावल्या भिंतींवर मोठमोठ्या पडल्या.

"नाय," ती म्हणाली. "माझा ओझी हाय इथं. मी त्याला कुठं पाठवू?"

तो तिच्या पाया पडला. खरोखर पाया पडला, त्या झिजलेल्या जमिनीवर. माझे बाबा आहेत, आंटी, असं म्हणाला. तिचेही डोळे भरले, पण हात हलले नाहीत. आणि तिच्या हातातून तो दिवा हिसकावून घ्यायचं धैर्य त्याला झालं नाही. तीही कुणाची तरी वाट अडवून बसली होती, आणि त्याची आई जशी नवऱ्याला पाठवायला बसली होती तितक्याच प्रेमाने बसली होती. कुणाला काय म्हणणार?

"तुझे डॅडी हायत काय ते," ती जरा वेळाने म्हणाली. "तरीच. परवापासून बोलतात ते. भाषा तुमच्या गावची, म्हनून मना नीट समजली नाय. पन सारखा एकच विचारतात."

"काय विचारतात?"

आंटीने आठवून, एकेक शब्द नीट लावून म्हटलं, "असले आणखी... कितके केलंस रे?"

हितेंद्रच्या डोळ्यांसमोर त्याचा गोल दिवा पोचलेली कॉटन ग्रीनची एक खोली आली. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतलं घर आलं. दादरचा टॉवर. एका बाईने वडिलांच्या फोटोसमोर ठेवायला नेलेला, एका जोडप्याने गेलेल्या मुलीच्या खोलीसाठी नेलेला. प्रत्येकाला त्याने हसून सांगितलं होतं, याला पाठ नाही. तो बोटांवर मोजू लागला.

आणि तेव्हा काठीचा आवाज थांबला. शिटीही थांबली. समोरच्या भिंतीवर एक अंधार येऊन उभा राहिला, पुढे गेला नाही. त्याच्या शेजारी दुसरा आला, तोही थांबला. दोघंही ऐकायला थांबले होते. आंटी दिव्यावर हात ठेवून त्यांच्याकडे मायेने बघत होती, जणू तिथे दोघंच आहेत. पण भिंतीवरची पानं मळतच चालली होती, त्या दोघांच्या मागे आणखी अंधार येऊन उभे राहत होते, एकामागून एक.

"सांग ना, पोरा," आंटी म्हणाली. "कितके केलंस?"